राजापूरचे खासदार आणि कलम ३६८: बॅ. नाथ पै यांच्या एका विधेयकाचा अभ्यास

बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव निघाले की कोकणात बोलणे आधी त्यांच्या वक्तृत्वाकडे वळते. वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी, राजापूर या पट्ट्यातील जुन्या पिढीने त्यांच्या सभा ऐकल्या आणि त्या सभांची आठवण घराघरांत पुढे सांगितली गेली. हे स्वाभाविक आहे. परंतु वक्त्याच्या या थोर प्रतिमेमागे त्यांच्या संसदीय कामाचा सर्वांत चिवट आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग झाकला गेला आहे. ७ एप्रिल १९६७ रोजी, शुक्रवारी, त्यांनी लोकसभेत राज्यघटनेच्या कलम ३६८ मध्ये, म्हणजे घटना दुरुस्त कशी करावी हे सांगणाऱ्या कलमात, दुरुस्ती सुचवणारे एक खासगी विधेयक मांडले. ते विधेयक कधीच संमत झाले नाही. तरीही पुढील सहा वर्षांत देशाच्या घटनात्मक इतिहासात जे घडले, ते या विधेयकाने विचारलेल्या प्रश्नाभोवतीच घडले, म्हणून एखादा प्रादेशिक लोकप्रतिनिधी राष्ट्रीय चर्चेत काय भर घालू शकतो याचा अभ्यास करण्यासाठी हे प्रकरण निवडले आहे.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात झाला. १९४२ च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि तेथून परतल्यावर प्रजासमाजवादी पक्षाच्या वतीने १९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. राजापूर मतदारसंघ म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. रेल्वे नाही, कारखानदारी नाही, घरटी एखादा माणूस मुंबईला आणि गावाकडे मनीऑर्डरीची वाट पाहणारी बायकामुले, अशी त्या मुलखाची स्थिती होती. अशा मतदारसंघाचा खासदार रस्ते, बंदरे आणि रेल्वेमार्ग मागत राहील अशी अपेक्षा असते, आणि नाथ पै यांनी ते मागितलेही. गोव्याची मुक्ती, बेळगावचा सीमाप्रश्न, १९६० च्या संपातील केंद्रीय कर्मचाऱ्यांची बाजू हे विषयही त्यांनी लावून धरले. परंतु या लेखाचा विषय त्या सर्वांहून निराळा आहे.

प्रकरणाची सुरुवात कोकणापासून खूप दूर, पंजाबात होते. जालंधरजवळच्या गोलकनाथ कुटुंबाकडे पाचशे एकरांहून अधिक जमीन होती आणि पंजाबच्या १९५३ च्या जमीन कायद्याने त्यांपैकी बरीचशी जमीन त्यांच्या हातून जाणार होती. कुटुंबाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. हा कायदा १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात टाकला गेला होता, म्हणजे मूलभूत हक्कांच्या आधारे त्याला आव्हान देण्याची वाट बंद झाली होती. त्यामुळे आव्हान थेट घटनादुरुस्तीलाच द्यावे लागले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल दिला. सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांच्या बाजूच्या बहुमताने सांगितले की, मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे अवैध ठरवणाऱ्या कलम १३ च्या अर्थाने घटनादुरुस्ती हाही कायदाच आहे आणि म्हणून मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही. कलम ३६८ मध्ये दुरुस्तीची केवळ रीत सांगितली आहे, अधिकार दिलेला नाही, असेही मत त्यात होते. आधीच्या दुरुस्त्या मात्र न्यायालयाने रद्द केल्या नाहीत. निकालाचा परिणाम पुढच्या काळापुरता ठेवला.

हा निकाल आधीच्या दोन निकालांच्या उलट होता. १९५१ च्या शंकरीप्रसाद प्रकरणात आणि १९६५ च्या सज्जनसिंग प्रकरणात न्यायालयाने संसदेचा दुरुस्तीचा अधिकार मान्य केला होता. सज्जनसिंग प्रकरणातील बहुमताचा निकाल सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा होता, तर त्याच पीठावरील न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्ये बदलणे याला दुरुस्ती म्हणता येईल का, अशी शंका नोंदवली होती. या वादाच्या दोन्ही टोकांवर मराठी विधिज्ञ उभे होते, ही गोष्ट आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही, ती सांगितली जावी.

निकालानंतर दीड महिन्याच्या आत नाथ पै यांनी विधेयक मांडले. त्याचा गाभा एवढाच होता की, घटनेची कोणतीही तरतूद कलम ३६८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने दुरुस्त करता येईल, असे त्या कलमातच स्पष्ट लिहावे. ‘कोणतीही’ म्हटल्यावर घटनेचा तिसरा भाग, म्हणजे मूलभूत हक्कही, त्यात आला. सहा न्यायमूर्तींनी एक अर्थ लावला, पाच जणांनी दुसरा लावला. एका मताच्या फरकाने संसदेच्या अधिकाराची सीमा ठरत असेल, तर ज्या शब्दांवरून हा मतभेद झाला ते शब्दच निःसंदिग्ध करावेत, ही या विधेयकामागची साधी भूमिका होती.

येथे खासगी विधेयकाची वाट कशी असते हे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण त्याशिवाय या प्रयत्नाची चिकाटी कळत नाही. मंत्र्याव्यतिरिक्त कोणत्याही सदस्याने मांडलेले विधेयक म्हणजे खासगी विधेयक. त्यासाठी लोकसभेत शुक्रवारच्या बैठकीचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात, आणि तेही एका आठवड्यात विधेयकांना तर पुढच्या आठवड्यात ठरावांना मिळतात. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक सदस्य मतदारसंघाच्या गाडीकडे निघालेले असतात. घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक असेल तर ते मांडण्याआधी खासगी विधेयकांच्या समितीकडून तपासले जाते. पुढे मांडणी, चर्चा, समितीचा अहवाल, पुन्हा चर्चा आणि मग मतदान. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ चौदा खासगी विधेयके कायद्यात रूपांतरित झाली आणि त्यांतील शेवटचे १९७० सालचे आहे. अशा अरुंद वाटेने, आणि साध्या कायद्याचे नव्हे तर थेट घटनादुरुस्तीचे विधेयक पुढे नेणाऱ्या प्रजासमाजवादी पक्षाचे त्या लोकसभेत अवघे तेरा सदस्य होते.

आकड्यांची अडचण त्याहून मोठी होती. घटनादुरुस्तीला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या होत्या, म्हणजे साधे बहुमत होते, दोन-तृतीयांश नव्हते. शिवाय कलम ३६८ स्वतःच बदलायचे असेल तर निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते, आणि त्याच वर्षी अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली होती. तेव्हा हे विधेयक संमत व्हायचे तर ते पक्षाच्या शिस्तीवर होणार नव्हते. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरच्या माणसांना युक्तिवादाने पटवावे लागणार होते. माझ्या मते नाथ पै यांच्या वक्तृत्वाची खरी कसोटी येथे लागली, सभांत नव्हे. सरकारने विधेयकाच्या तत्त्वाला अनुकूलता दाखवली, विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि १९६८ साली समितीने अहवाल दिला. विरोधी पक्षातल्या एका सदस्याचे खासगी विधेयक इथवर पोहोचणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

विरोध कोणाचा होता? स्वतंत्र पक्षाचा विरोध अपेक्षितच होता, कारण मालमत्तेचा हक्क त्यांना प्रिय होता आणि जमीन कायद्यांविषयी त्यांना आक्षेप होते. परंतु समाजवादी परिवारातही एकवाक्यता नव्हती. संयुक्त समाजवादी पक्षाच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप मालमत्तेचा नव्हता, तर नागरी स्वातंत्र्याचा होता, आणि तो मी हलका मानत नाही. १९६२ साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी जाहीर झालेली आणीबाणी युद्ध संपून पाच वर्षे होत आली तरी उठवलेली नव्हती. ती १० जानेवारी १९६८ रोजी उठली. त्या काळात भारत संरक्षण नियमांखाली सरकारच्या राजकीय विरोधकांना विनाचौकशी डांबले जात होते. ज्यांनी हा अनुभव घेतला होता त्यांनी विचारले की, हेच बहुमत उद्या भाषणस्वातंत्र्य काढून घेईल तेव्हा कोणाकडे दाद मागायची? स्वतः तुरुंगात राहिलेल्या नाथ पै यांना हा धोका माहीत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्यांची बाजू अशी होती की, हक्कांचे अंतिम रक्षण लोकमत आणि लोकांनी निवडलेली संसद करते, आणि आर्थिक न्यायाच्या आड हक्कांचे कलम उभे राहत असेल तर ते बदलण्याचा अधिकार त्या लोकांच्या प्रतिनिधींकडेच असला पाहिजे.

हा वाद दिल्लीतला असला तरी कोकणातल्या शेताच्या बांधापर्यंत तो पोहोचतो, आणि या प्रकरणाचा हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या खोती होती. खोत सरकारला सारा भरे आणि कुळांकडून भाताचा अर्धेल म्हणजे अर्धा वाटा, वरकस म्हणजे हलक्या जमिनीवरच्या नाचणी-वरीतला वाटा, शिवाय वेठ आणि फळफळावळ असे बरेच काही घेई. मूळ आंबडव्याच्या घराण्यातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक आणले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे शेती न कसण्याचा संप चालवला. आंबेडकरांचे विधेयक संमत झाले नाही. खोती अखेर १९५० च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने गेली.

आता राज्यघटनेचे नववे परिशिष्ट उघडून पाहावे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते जोडले गेले तेव्हा त्यात तेरा कायदे होते. पहिला बिहारचा जमीन सुधारणा कायदा, दुसरा मुंबईचा १९४८ चा कूळ कायदा, आणि सहावा मुंबई खोती निर्मूलन कायदा. ही दुरुस्ती झाली तेव्हा केंद्रात कायदामंत्री डॉ. आंबेडकर होते. म्हणजे कोकणातल्या कुळाला ज्या दोन कायद्यांनी जमिनीवर उभे केले, ते दोन्ही कायदे न्यायालयीन आव्हानापासून ज्या तटबंदीने वाचवले ती तटबंदी घटनादुरुस्तीची होती. १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीने त्यात सात कायदे वाढले आणि सतराव्या दुरुस्तीने आणखी चव्वेचाळीस. गोलकनाथ निकालाने आधीची तटबंदी पाडली नाही, परंतु ती पुढे एक वीटही वाढवता येणार नाही असे सांगितले.

याचा अर्थ गावपातळीवर काय होता ते पाहू. १ एप्रिल १९५७ हा मुंबई राज्यात कृषकदिन ठरला. त्या दिवशी कायद्याने कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. परंतु कागदावर मालक मानले जाणे आणि सातबाऱ्यावर तसे नाव लागणे यांत वर्षे जातात. शेतजमीन न्यायाधिकरणापुढे किंमत ठरायची, हप्ते भरायचे, प्रमाणपत्र मिळवायचे, मग तलाठ्याच्या दप्तरात फेरफार व्हायचा. ज्यांनी मुंबईच्या गिरणीत काम करताना गावची जमीन भावकीच्या भरवशावर ठेवली होती, त्यांची नावे कित्येकदा इतर हक्कांच्या रकान्यातच राहिली. खोती गेली तरी तिचे अवशेष होते आणि ते काढायला नवे कायदे, नव्या दुरुस्त्या लागणारच होत्या. अशा मुलखातून निवडून आलेल्या माणसाने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावर बोट ठेवले, याला मी योगायोग मानत नाही. राष्ट्रीय प्रश्न आणि मतदारसंघाचा प्रश्न अशी जी विभागणी आपण करतो ती येथे लागू पडत नाही. राजापूरच्या कुळाचे हित आणि कलम ३६८ चा अर्थ ही एकाच दोरीची दोन टोके होती.

विधेयकाचे पुढे काय झाले हे थोडक्यात सांगता येते. अहवाल आल्यानंतरही ते शेवटच्या मतदानापर्यंत गेले नाही. १९६९ साली काँग्रेस फुटली. १९७० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा अवैध ठरवला, सप्टेंबरमध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती राज्यसभेत थोडक्यात पडली आणि डिसेंबरमध्ये त्याच कारणासाठी काढलेला राष्ट्रपतींचा आदेशही न्यायालयाने रद्द केला. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा बरखास्त झाली आणि तिच्यासोबत हे विधेयकही व्यपगत झाले. पुढे तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पै यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ४८ वर्षांचे होते.

जे तेरा सदस्यांच्या पक्षाला जमले नाही ते १९७१ च्या निवडणुकीनंतर दोन-तृतीयांश बहुमत मिळालेल्या सरकारने काही महिन्यांत केले. कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी चोविसाव्या घटनादुरुस्तीचे विधेयक आणले, ऑगस्टमध्ये ते दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि ५ नोव्हेंबर १९७१ रोजी त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. कलम ३६८ चे शीर्षकच बदलून त्यात अधिकार आणि पद्धत असे दोन्ही शब्द आले आणि घटनादुरुस्तीला कलम १३ लागू नाही असे लिहिले गेले. नाथ पै यांचे विधेयक ज्या दिशेने जात होते, त्याच दिशेने ही दुरुस्ती गेली. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने चोविसावी दुरुस्ती वैध ठरवली आणि गोलकनाथ निकाल मोडीत काढला. संसदेला मूलभूत हक्कांसह कोणत्याही भागात दुरुस्ती करता येते, हे नाथ पै यांचे म्हणणे मान्य झाले. परंतु त्याच निकालात सात विरुद्ध सहा मतांनी असेही ठरले की, घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. मुधोळकरांची शंका येथे सिद्धान्त झाली.

मूल्यमापन करताना मला दोन गोष्टी एकदम म्हणाव्या लागतात. नाथ पै यांचा प्रश्न बरोबर होता आणि त्यांनी तो सर्वांआधी, योग्य सभागृहात, योग्य साधनाने विचारला. न्यायालयाशी भांडण न करता, निकालाचा अवमान न करता, घटनेनेच दिलेल्या वाटेने घटना स्पष्ट करण्याचा तो प्रयत्न होता. परंतु त्यांचे उत्तर अपुरे होते. अमर्याद दुरुस्तीचा अधिकार कोणाच्या हाती पडेल, याविषयी त्यांनी लोकांवर आणि संसदेवर जो विश्वास टाकला त्याला इतिहासाने लवकरच तडा दिला. राजापूरने त्यांच्या पश्चात प्रा. मधु दंडवते यांना निवडून दिले आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा हेच राजापूरचे खासदार बंगळूरमध्ये अटकेत पडले. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावर कोणतीही मर्यादा नाही असे कलम ३६८ मध्येच लिहून टाकले. ते १९८० साली मिनर्व्हा मिल्स प्रकरणात रद्द झाले. नाथ पै हयात असते तर त्यांनी बेचाळिसाव्या दुरुस्तीला कडाडून विरोध केला असता, याविषयी त्यांचा सारा जीवनक्रम पाहता मला शंका वाटत नाही. पण कायद्याचे शब्द ते लिहिणाऱ्याच्या सद्हेतूवर चालत नाहीत, आणि हा आक्षेप त्यांच्या विधेयकाला लागू होतोच.

या दोन्ही बाजूंचा मेळ काही अंशी १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीत बसला. दंडवते तेव्हा केंद्रात मंत्री होते. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला, म्हणजे जमीन सुधारणेच्या आड येणारे मूळ कारणच बाजूला झाले. आणि त्याच दुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही असे ठरले. १९६७ सालीच मालमत्तेचा हक्क आणि स्वातंत्र्याचे हक्क यांत असा भेद करून विधेयक लिहिले गेले असते, तर विरोधातल्या समाजवाद्यांना ते कदाचित स्वीकारता आले असते. अकरा वर्षांनंतर हे सुचणे सोपे आहे हे मला मान्य आहे. खोती निर्मूलन कायद्यापुरते सांगायचे तर ११ जानेवारी २००७ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाने २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील असे ठरवले. १९५१ साली तेथे गेलेला हा कायदा त्या तारखेच्या आधीचा असल्याने त्याचे संरक्षण कायम आहे.

मालवणच्या सेवांगणापासून गावोगावच्या संस्थांपर्यंत नाथ पै यांचे नाव कोकणाने जपले आहे. त्याबरोबर चौथ्या लोकसभेतील १९६७ पासूनच्या त्या शुक्रवारच्या चर्चा आपल्याकडच्या महाविद्यालयांत वाचल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते. लोकसभेच्या कामकाजाचे जुने वृत्तांत आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात. वाचताना नाथ पै यांच्या भाषणांइतकेच लक्ष त्यांना उत्तर देणाऱ्यांच्या भाषणांकडे द्यावे आणि आक्षेप आल्यावर त्यांच्या युक्तिवादाचा कोणता भाग बदलला, कोणता बदलला नाही, हे समासात टिपत जावे.